नमुना

दहावीला असताना आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद लाकडी कपाट होतं. त्यात काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि मोरचुदाची बाटली. मास्तर वर्षातनं दोनदा ते उघडायचे. मोरचुदाचा खडा टाकला की पाणी निळं व्हायचं. तेवढंच रसायनशास्त्र माझ्या वाट्याला आलं. १९७६ ला दहावी झालो आणि औताला लागलो.

दादाची पोरगी मात्र त्याच शास्त्रात शिरली. दादा गेला तेव्हा ती आठवीत होती. पुढं तिचं शिक्षण मीच बघितलं, म्हणजे पैसे धाडले. बाकी शिकली ती तिची ती. कृषी विद्यापीठात मातीचं शास्त्र घेऊन एम.एस्सी.ला बसली. प्रबंधाचा विषय आमच्याच वाळवे तालुक्यातला. कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी पाण्यानं किती बिघडल्या, ते मोजायचं. गावोगाव फिरून तिनं नमुने गोळा केले. आमच्या नदीकडच्या तुकड्याचा तेवढा राहिला. परीक्षा तोंडावर आली म्हणून फोन केला, "तात्या, आपला नमुना तुम्ही काढून द्या. कसा काढायचा ते लिहून पाठवते."

तिनं पाठवलेला कागद अजून माझ्याकडं आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या. प्रत्येक जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा. त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. सगळी एकत्र कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. सावलीत वाळवायची, स्वच्छ कापडी पिशवीत भरायची. आत चिठ्ठी : नाव, गट नंबर, तारीख, आधीचं पीक. खाली तांबड्या पेनानं लिहिलं होतं, 'बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याजवळ किंवा जनावरं बांधतात तिथली माती घेऊ नये.'

मी नेमकी उकिरड्याजवळची घेतली.

का घेतली, ते सांगतो. नदीकडचा दीड एकर म्हणजे आमच्या वडलांचा जीव. मूठभर माती उचलली तर हाताला मऊ लागायची. उपशाचं पाणी आलं तसा मी ऊस लावला, आणि पाळी आली की पाजलं. रात्री दारं धरायचं आणि पाट फोडून वस्तीवर येऊन झोपायचं. सकाळी सरी तुडुंब. जास्तीचं पाणी जायला चर पाहिजे, हे कळत होतं. पण चर काढायचा तर दोन सऱ्या जातात. तेवढा ऊस सोडवला नाही. लागणीमागनं खोडवा, खोडव्यामागनं लागण, वर युरियाची पोती. दहा-बारा वर्षांनी हिवाळ्यात जमिनीवर पांढरी साय दिसू लागली. पुढं पाणी मुरेना. वाळली की दगड आणि भिजली की चिखल, अशी गत झाली. शेवटी शेवटी ऊस गुडघ्याच्या वर जाईना.

आणि त्या दीड एकरात निम्मा वाटा दादाचा होता. म्हणजे तिचा आणि वहिनीचा. वहिनींना मी सांगत आलो होतो की पाऊसमान बरोबर नाही.

पिशवी गेली. महिन्याभरानं फोन आला.

"तात्या, माती कुठनं काढली होती?"

"कागदावर होतं तशीच."

"नक्की?"

"मग मी काय खोटं सांगतोय व्हय?"

ती गप बसली. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मला झोप लागेना. आठवड्यानं ज्वारीचं पीठ आणि तुपाचा डबा घेऊन एस.टी.नं विद्यापीठात गेलो. पोरगी पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभी होती. डोळे ओढलेले. म्हणाली, "बसा तात्या, एवढं संपवते." मी स्टुलावर बसून बघत राहिलो.

माती कुटून, चाळून ठेवलेली. काट्यावर एक ग्रॅम तोलली. चिमूटभर माती ती, पण चार दशांशांपर्यंत वजन दिसत होतं. काचेच्या चंबूत टाकून त्यावर नारिंगी रंगाचं पाणी घातलं, मग जपून सल्फ्युरिक ॲसिड. चंबू हाताला चटका बसेल इतका तापला. अर्धा तास तसाच ठेवला. मग पाणी घालून, बारीक तोटीच्या उभ्या नळीतनं दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायला लागली. काळसर जांभळा रंग एका थेंबात हिरवा झाला. तिथंच थांबली आणि आकडा लिहिला. एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या एका चंबूत मातीच नव्हती. तरी त्यालाही सगळं तसंच केलं. विचारलं तर म्हणाली, "हा कोरा. मातीशिवाय किती येतं ते कळल्याबिगर मातीचं किती, ते कसं कळणार?"

ही पद्धत १९३४ सालची, वॉकली आणि ब्लॅक अशा दोघांची. मातीतला सेंद्रिय कर्ब त्यातनं कळतो. तिनं आणखी एक सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. या पद्धतीनं सगळा कर्ब हाती लागत नाही, साधारण ७७ टक्केच लागतो. म्हणून आलेल्या आकड्याला १.३ नं गुणतात. पद्धत आपली उणीव आपणच सांगून मोकळी झालेली. नव्वद वर्षांत तिला कुणी त्यावरनं हसलं नाही.

"आता काय करतीयास?" मी विचारलं.

"आपलाच नमुना. तिसऱ्यांदा. आसपासच्या शेतांत कर्ब अर्धा-पाऊण टक्का येतोय आणि आपला दीडाच्या घरात. नव्यानं द्रावणं केली. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना लावून बघितला, तो बरोबर येतोय. सर म्हणतात, माझ्याच हाताची चूक. पण मला सापडत नाही."

माझ्यावर तिचा संशय नव्हता असं नाही. पण मी 'नक्की' म्हणालो होतो, म्हणून ती स्वतःचा हात तपासत बसली होती.

"पोरी, ती माती उकिरड्याजवळची हाय," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. चर, पाणी, दादाचा वाटा.

ती काही बोलली नाही. जाड वही ओढली. मला वाटलं पान फाडंल. पण त्यांच्यात पान फाडत नाहीत, खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी तारीख, सही आणि कारण : 'नमुना चुकीच्या जागेचा.' कुणाची चूक ते लिहिलं नाही.

मग म्हणाली, "तूप आईनं कढवलंय का काकूनं?" आणि तिचे डोळे भरून आले. माझेही.

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून नमुना काढला, कागदाबरहुकूम. सामू ८.९ आला. मातीनं धरून ठेवलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण म्हणतात. आमचा २२ होता. आकडे तिनं वहिनींच्या समोर वाचून दाखवले, मी शेजारी बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पावसाचं नाव कशाला पुढं केलंत?" मी खाली बघितलं.

त्या साली ऊस मोडला. आधी चर काढले, दोनच्या जागी चार सऱ्या गेल्या. जिप्सम मिसळलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातनं बाहेर पडला पाहिजे. नाहीतर जिप्सम वाया. फुलावर आलेला धैंचा गाडला. दरवर्षी नमुना काढून तिच्याकडं धाडतो. चौथ्या वर्षी सोडियम १६ वर आला. अजून चोपणच आहे.

मीही एक वही केली आहे. पाणी किती तास दिलं, खत किती टाकलं, सगळं लिहितो. परवा एका रात्री डोळा लागला आणि दारं फुटून चार तास पाणी गेलं. सकाळी सवयीनं 'दोन तास' लिहिलं. मग त्यावर आडवी रेघ मारून 'चार' लिहिलं, तारीख घातली, सही केली. कारणाच्या जागी लिहिलं, 'झोप लागली.'