'टर्की': एका नावाची वाटचाल

व्युत्पत्ती शब्दाला त्याच्या खऱ्या अर्थापाशी नेऊन पोहोचवते, अशी समजूत अभ्यासकाच्या मनातही नकळत घर करून असते. इंग्रजीतील 'टर्की' या पक्षिनामाचा माग काढू पाहणाऱ्याची ही समजूत फार काळ टिकत नाही.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी त्याला शतकानुशतके पाळले. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात नेला. तुर्की मुलखाच्या वाटेने आलेल्या आफ्रिकी गिनी कोंबडीला इंग्रज 'टर्की' म्हणत. नवागताला तेच नाव चिकटले आणि पुढे त्याच्याकडेच राहिले. कोलंबसाच्या भ्रमामुळे अमेरिकेलाही 'इंडीज' म्हटले जाई; म्हणून फ्रेंचांनी त्याला 'हिंदची कोंबडी' केले. डचांच्या 'काल्कून'मध्ये कालिकत आहे, पोर्तुगीजांनी त्याला 'पेरू' म्हटले, तर खुद्द तुर्कांच्या भाषेत तो 'हिंदी' ठरला. १७५८ मध्ये लिनियसने त्याला दिलेल्या शास्त्रीय नावातील 'मेलेआग्रिस' हा शब्दही मूळ ग्रीकांच्या गिनी कोंबडीचाच. शास्त्राने प्रमाद दुरुस्त केला नाही. त्याला प्रमाणपत्र दिले.

ज्या हिंदुस्थानाच्या नावे हा पक्षी युरोपात वावरत होता, तेथे मात्र तो अपरिचितच होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीरच्या दरबारात आणला. बादशहाने त्याचे रूप, त्याचे रंग पालटणारे डोके बारकाईने वर्णिले, चित्र काढवून घेतले आणि आणलेल्या प्राण्यांची नावे कोणालाच ठाऊक नसल्याचे नमूद केले. नाव नसल्यामुळे पाहणे अडले नाही. उलट ते अधिक सावध झाले.

सोस्यूरने चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धान्त मांडला. तो येथे लागू पडतो, पण पुरा पडत नाही. 'टर्की' हा ध्वनी पक्ष्याशी निसर्गतः बांधलेला नाही हे खरे. मात्र तो त्याच्यावर कोणत्या बाजारपेठेतून आणि कोणाच्या अज्ञानातून येऊन पडला, याला इतिहास आहे. त्या इतिहासात पक्षी पाळणाऱ्यांचा शब्द मागे पडला. २०२२ मध्ये तुर्कस्तानाने संयुक्त राष्ट्रांत 'तुर्किये' हे नाव रूढ करून घेतले. राष्ट्राला तसे मागता येते. नाहुआत्ल भाषेतील 'हुएशोलोत्ल' मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये 'ग्वाहोलोते' होऊन आजही बोलला जातो. तो हरवलेला नाही; इंग्रजी कोशाने त्याला 'टर्की'ची जागा दिली नाही, इतकेच.