ही घरं कशावर उभी राहिली?

रायपूर वाढलं, हे सांगायला उपग्रह लागत नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि २००१च्या जनगणनेतले सहा लाख रायपूरकर २०११मध्ये दहा लाखांवर गेले. समता कॉलोनीतल्या माझ्या गच्चीवरूनही ही वाढ दिसते. माझ्या दूरसंवेदनाच्या कामात खरा प्रश्न पुढचा असतो: ही घरं कशावर उभी राहिली? धानाच्या शेतावर, माळावर की तळ्यात?

एका चित्रावरून ते कळत नाही. १९८४मध्ये सोडलेल्या लँडसॅट ५ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ९०० चौरस मीटर. आमच्या कॉलोनीत तेवढ्यात चार-पाच घरं, मधली गल्ली आणि एखादा कडुनिंब मावतो, आणि संगणकाला त्या सगळ्यांचा मिळून एकच आकडा मिळतो. २०१५पासून सेंटिनेल-२चा ठिपका दहा मीटरवर आला. फरक मोठा आहे, पण छत्तीसगडात ठिपक्यापेक्षा ऋतू जास्त महत्त्वाचा.

इथे लालसर, मुरमाड, उथळ जमिनीला ‘भाटा’ म्हणतात. मे महिन्यातला कोरडा भाटा आणि सिमेंटची वस्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या लघुतरंग अवरक्त पट्ट्यात जवळपास सारखीच उजळतात. धान कापल्यावर उघडी पडलेली शेतंही तशीच फसवतात. फक्त उन्हाळ्याचं चित्र घेणारा माणूस अख्खा माळ शहरात जमा करतो. म्हणून मी पाऊस उघडल्यावरचं, ऑक्टोबरचं चित्र शेजारी ठेवतो. तेव्हा धान उभं असतं, भाट्यावरही गवत असतं, आणि निकट अवरक्त पट्ट्यात दोन्ही झळाळतात. छपरं मात्र होती तशीच राहतात. दोन्ही ऋतूंत जे हिरवं होत नाही, ते बांधकाम धरायचं आणि मग तिथे पायी जाऊन खात्री करायची.

तळ्यांच्या बाबतीत फसगत उलटी. पाणी अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे तळं काळं दिसतं. पण जलपर्णी पसरली की संगणक त्यालाच हिरवळ समजतो आणि नकाशातून तळं जातं. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली अशा तळ्यांवर वसलेल्या शहराला ही चूक परवडणारी नाही. लेंडी तालाबाच्या जागी आज शास्त्री बाजार आहे, रजबंधाचं मैदान झालं. लँडसॅटची चित्रं १९७२च्या मागे नेत नाहीत. त्याआधीचं पाणी शोधायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि तात्यापाऱ्यातली वयस्कर मंडळी, दोन्ही लागतात.

नव्याने आखलेल्या नवा रायपूर या शहराची गोष्ट वेगळी. तिथे आधी शेतांमधून रुंद रस्त्यांची चौकट उमटली, माणसं मागाहून आली. ‘बांधकाम इतके टक्के वाढलं’ या वाक्यात तो रिकामा रस्ता आणि जुन्या शहरातला गजबजलेला मोहल्ला एकाच खात्यात पडतात. माझ्या मते असा आकडा एकट्याने छापूच नये. बांधकामाखाली धान किती गेलं, भाटा किती, पाणी किती, हे सोबत द्यायलाच हवं.

लँडसॅटची चित्रं २००८पासून मोफत आहेत, इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं संकेतस्थळ २००९पासून खुलं आहे. या सुट्टीत आपल्या गावचं तळं तिथे शोधा, मे आणि ऑक्टोबर दोन्ही महिन्यांचं. काठावर भराव दिसला, तर तारखेसह चित्र छापून नगरसेवकाच्या हातात द्या.