टायरवरचे चार अंक

२०२४च्या जूनमध्ये, पावसाच्या एका संध्याकाळी, आमची मुलगी कर्वे रस्त्यावर मोटारसायकलवरून घसरली. कोपर सोलवटले, गुडघ्याला सात टाके पडले. मागून बस येत नव्हती म्हणून एवढ्यावर निभावले. तिला उठवून बसवणाऱ्या रिक्षावाल्या काकांनी मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "बाळ, ह्याच्यावर काही राहिलेलंच नाही." घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. तो टायर गुळगुळीत झाल्याचे आम्हांला मार्चपासून ठाऊक होते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. कवितेत न लिहिलेले काय आहे ते शोधून दाखवणे हा आमचा रोजचा उद्योग. पण दारातल्या गाडीवर जे लिहिलेले होते ते आम्ही कधी वाचले नव्हते.

या टाळाटाळीला आम्ही मनातल्या मनात काटकसर म्हणत होतो. आमच्या अण्णांकडे चेतक स्कूटर होती. तिची स्टेपनीसकट तिन्ही चाके एकाच मापाची. अण्णा ठरावीक काळाने त्यांची अदलाबदल करीत; टायर अगदीच झिजला की रिमोल्ड करून आणीत. वस्तू टाकणे म्हणजे त्या घरात जवळजवळ पापच. मात्र अण्णा दर रविवारी खाली बसून प्रत्येक टायर बोटांनी चाचपत असत. आम्ही त्यांचे न टाकणे तेवढे उचलले, चाचपणे सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठेत गेलो. तिथल्या वयस्क दुकानदारांनी जे शिकवले ते असे. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायरही बऱ्यापैकी पकड देतो, म्हणून माणूस फसतो. खाचांचे खरे काम पावसात : चाकाखालचे पाणी बाहेर ढकलणे. खाच उथळ झाली की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो. खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले छोटे आडवे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खाचांची किमान खोली दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर, मोटारीसाठी १.६ मिलिमीटर. तिथवर वाट पाहू नये, पावसाळ्याआधी तर नाहीच, असे त्यांचे मत. नवा टायर, ट्यूब आणि मजुरी मिळून आम्हांला २,४०० रुपये पडले. मार्चपासून आम्ही जे वाचवीत होतो ते एवढेच.

मोटारीचा विषय मात्र आम्ही पुन्हा पुढे ढकलला. ती वर्षातून चार-पाचदा गावाला जाते; खाचा नव्यासारख्या खोल. २०२५च्या दिवाळीत निघण्यापूर्वी मुलीनेच खाली वाकून टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचले : ३६१५. म्हणजे २०१५ सालचा छत्तिसावा आठवडा. पुस्तकाच्या मुद्रणवर्षासारखी ही टायरची जन्मतारीख. गाडी उभी असली तरी ऊन-वाऱ्याने रबर कडक होते, बाजूंना बारीक भेगा पडतात. सहाव्या वर्षापासून टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, खाचा कितीही शाबूत असोत, तो वापरू नये, असे सर्वसाधारण मानतात. आमच्या टायरला दहा वर्षे पूर्ण होऊन गेली होती. त्याच टायरांवर आम्ही खंबाटकी घाट किती वेळा उतरलो, हे मोजण्याचे धैर्य झाले नाही.

चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून साधारण १९,००० रुपये झाले. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्याचा थोडा हातभार लागला. ही रक्कम मासिक पगारातून एकदम काढणे अध्यापकाच्या घराला जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुचाकी रोज झिजते आणि मोटार उभ्या-उभ्या म्हातारी होते, हे एकदा कळल्यावर खर्च अचानक कोसळत नाही. दरमहा थोडे बाजूला टाकता येते.

आता दर रविवारी आमच्यापैकी कुणीतरी अण्णांसारखे खाली बसते. मुलीच्या गुडघ्यावरचा व्रण अजून दिसतो. तिने आम्हांला त्यावरून एकदाही बोल लावलेला नाही, आणि तेच आम्हांला अधिक लागते.