हर्सूलहून अजिंठ्याकडे

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे निघाले, की हर्सूल लागते. हरसिद्धी देवीचे देऊळ, मध्यवर्ती कारागृहाची भिंत आणि तलाव. तलावाकाठी आम्ही शिदोरी सोडली, तोच नातवाने विचारले, "आजोबा, बुद्ध खरंच हसला होता का?"

१८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने पहिला अणुस्फोट केला. त्याला 'हसरा बुद्ध' हे नाव पडले. मीही तेव्हा छाती फुगवून हिंडलो होतो. वास्तविक अणुचाचण्या थांबवा, असे नेहरूंनी १९५४ सालीच जगाला विनवले होते. पुढे १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सही केली नाही. कारण आधीच स्फोट केलेल्या पाच राष्ट्रांना तो अण्वस्त्रे राखू देत होता. तक्रार रास्तच होती. पण मे १९९८ मध्ये आपल्या पाठोपाठ पाकिस्ताननेही स्फोट केले, तेव्हा माझी छाती काही फुगली नाही.

"चल, त्यालाच विचारू," मी म्हणालो.

दुपारी अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात, महापरिनिर्वाणात पहुडलेल्या बुद्धापुढे पोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याचं कळत नाही, आजोबा. पण खालची माणसं रडताहेत."