पर्वतीच्या पायथ्याशी पेटलेली लंका

शोभेच्या दारूचा सार्वजनिक खेळ आणि अंगणातले फटाके यांत मुख्य फरक अंतराचा. अंगणात उडवणारा आणि पाहणारा एकाच ठिकाणी उभे असतात. खेळात जाणकार कारागीर मैदानावर असतात आणि प्रेक्षक त्यांच्यापासून दूर, शक्यतो उंचावर. पुण्यात या मांडणीचा उत्तम नमुना सवाई माधवरावांच्या काळात दिसतो.

महादजी शिंदे 1792 मध्ये पुण्यात आले आणि फेब्रुवारी 1794 मध्ये वानवडीला वारले. पेशव्यांच्या बखरीतील हकिकत अशी : कोट्याला दिवाळी चार दिवस चालते, लाखो दिवे लागतात आणि राजा शहराबाहेर ‘दारूची लंका’ करवतो, असे महादजींनी तरुण पेशव्यांना सांगितले. रावण, राक्षस, वानर आणि एक मोठा हनुमान दारूचे बनवतात. शेपटीला आग लागली की हनुमान उडत जाऊन लंकेतली घरे पेटवतो. पेशव्यांनी तसाच खेळ पुण्यात करायला सांगितला. पंधरा दिवसांत तयारी झाली आणि एका अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी लंका जळाली. पेशवे आणि सरदार ती पाहायला पर्वतीवर गेले, शहरातले लोकही लोटले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावरील 1953 च्या पुस्तिकेत ही हकिकत अभ्यासकांपुढे ठेवली. बखरीतला प्रत्येक तपशील पुरावा म्हणून घेता येत नाही. पण जागेची निवड मात्र दारूकाम जाणणाऱ्याचीच वाटते.

लंका हा जमिनीवरचा देखावा. सपाट मैदानात तो पुढच्या दोन-चार रांगांनाच नीट दिसतो; टेकडीच्या उतारावर मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जाते. धुराचा प्रश्नही असतो. सोरा, कोळसा आणि गंधक (साधारण 75, 15 आणि 10 भाग) यांची काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजन बारीक घन कणांच्या रूपात उरते आणि बराचसा धूर त्याचाच बनतो. म्हणून वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला बसणे केव्हाही चांगले. वारा अगदीच पडला तर धूर तिथेच साचतो आणि उत्तम कारागिराचाही शेवटचा भाग झाकोळतो.

त्या रात्रीची लंका आजच्यासारखी लाल-हिरवी नसणार. सोळाव्या शतकातील ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातल्या दारूकामाच्या कृतींत गंधक, कोळसा, लोखंडाचा चुरा, जंगाल, हरताळ असे घटक येतात. लोखंडाच्या कणांनी सोनेरी फुलोरा पडतो, हरताळाने फिकट पांढरा उजेड मिळतो. ठसठशीत रंगांना मात्र अधिक तप्त ज्योत लागते. ती पोटॅशियम क्लोरेटने दिली. फ्रेंच रसायनज्ञ बेर्तोले याने ते 1786-87 च्या सुमारास तयार केले आणि एकोणिसाव्या शतकात ते दारूकामात रुळले. मग स्ट्राँशियमने लाल, बेरियमने हिरवा, सोडियमने पिवळा रंग येऊ लागला. तांब्याचा निळा आजही सर्वांत अवघड आहे, कारण ज्योत फार तापली की तो रंग देणारे संयुगच मोडते. म्हणून खेळातला गडद निळा गोळा ही कारागिराची खरी परीक्षा.

आकाशात फुटणारे गोळे नळीतून उडवतात. सांगली जिल्ह्यातील कवठे एकंदच्या दसऱ्यात त्यांना ‘औट’ म्हणतात. गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण 100 फूट उंची मिळते, म्हणजे 6 इंची गोळा सुमारे 600 फुटांवर उमलतो. अमेरिकेतील प्रमाणानुसार प्रेक्षक दर इंचामागे किमान 70 फूट दूर हवेत. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे एक किलोमीटरवर फूल दिसल्यावर तीन सेकंदांनी धमाका येतो. संगीतावर बेतलेला खेळ जवळूनच पाहावा, तो यासाठी.

मनोरंजन उद्यानांतील रात्रीचे खेळ याच वाटेने वाढले. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये 1961 पासून टिंकर बेल ही परी तारेवरून आकाशात सरकत येते आणि खेळ रंगतो. पर्वतीच्या हनुमानाची ही दूरची बहीणच. 2004 मध्ये तिथे गोळे दाबलेल्या हवेने उडवण्याची रीत आली. धूर कमी झाला आणि वेळ अधिक नेमकी साधू लागली.

सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली आणि ठरलेल्या मैदानावर सामुदायिक आतषबाजी करण्याची शक्यता राज्यांनीही तपासावी, असे सुचवले. पुण्याला ही कल्पना परकी नाही. गल्लोगल्ली मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या धडाक्यापेक्षा परवानाधारक कारागिरांनी एका मोकळ्या मैदानावर केलेला अर्ध्या तासाचा खेळ डोळ्यांना अधिक देईल आणि फुप्फुसांकडून कमी घेईल. महापालिकेने आणि मंडळांनी मिळून तो एकदा करून पाहावा.