रडणारे मूल आणि बोलका पडदा
परवा चित्रपटगृहात मागच्या रांगेतले मूल रडू लागले आणि मी वळून त्याच्या आईकडे रोखून पाहिले. ती त्याला कडेवर घेऊन बाहेर गेली. मध्यंतरानंतरही परतली नाही. तेव्हापासून मूकपटांचा काळ मनात घोळतो आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा पडदा मुका होता; प्रेक्षक नव्हते. मूकपटांपुढे पेटी-तबला वाजे, अक्षरओळख असलेला पडद्यावरची पाटी शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. त्या गलबल्यात एखाद्या पोराचे रडणे कोणाला खुपणार? १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि संवाद ऐकायचे तर गप्प बसणे प्रेक्षकाला भाग पडले. (फोनवर बोलणाऱ्याला मात्र मी आजही क्षमा करणार नाही.) त्या माउलीला मी निदान दाराशी गाठायला हवे होते.