आजोबांचे खुरपे आणि नातीची पदवी

आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आले आणि महापालिकेच्या उद्यान विभागात रोजंदारीवर लागले. पुढे कायम झाले, माळी झाले आणि माळी म्हणूनच निवृत्त झाले. पान हातात घेऊन झाडाचे दुखणे सांगणारा माणूस. साहेब लोक त्यांना विचारून औषध फवारत, पण अहवालावर सही साहेबांची असे. हजेरीपटावर वडिलांची.

त्याच वडिलांची नात, आमची थोरली, यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीचा निकाल लागल्यावर म्हणाली, "पप्पा, मला उद्यानविद्येची डिग्री घ्यायची आहे. इंजिनिअरिंग नको."

घरात कोणी बोलेना. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "आजोबांनी जन्मभर खुरपं धरलं, ते नातीनं परत खुरपं धरावं म्हणून?" विहारात दर रविवारी मुलांनी आवडीचे शिक्षण घ्यावे असे सांगणारे आम्ही, आमच्या पोटातही हेच आले होते. खोटे कशाला बोला?

आम्ही पडलो बी.कॉम. आणि लिपिक. मन गोंधळले की वही काढतो. बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांकडे तो आहे. नाव उद्यान असले तरी फळबागा, भाजीपाला, फुलशेती, काढणीनंतरची साठवण हाच भाग मोठा. शहरातली बाग त्यात थोडीच.

आता खर्च. आमचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर, म्हणून शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता नाही आणि स्वाधार योजनाही नाही. परंतु केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली तर अनुसूचित जातीच्या मुलीचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क फ्रीशिपमधून सुटते. उरली खानावळ. महिना साडेतीन हजार धरले, वर्षाचे दहा महिने, चार वर्षांचे एक लाख चाळीस हजार. वसतिगृह, पुस्तके, एस.टी. मिळून साठ हजार. झाले दोन लाख. बी.कॉम.ला शिकवलेला वैकल्पिक खर्चही मांडला. याच चार वर्षांत ती दुकानात बारा हजारांवर राहिली असती तर पाच लाख शहात्तर हजार. तो आकडा पाहून सौ. म्हणाल्या, "मुलीला दुकानात उभी करायचीच नव्हती, तर हा आकडा लिहिलात कशाला?" खोडला.

जमेची बाजू अवघड. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सर्वांत खालची पायरी १५,००० मूळ वेतनाची, लिपिकाची सुरुवात १९,९०० ची. या पदवीवर एमपीएससीची कृषी सेवा परीक्षा देता येते. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही ही पदवी चालते, आणि तिथे सुरुवातीचे मूळ वेतन ४८,४८० आहे. म्हणजे आमच्या पायरीच्या दुपटीहून अधिक. पण परीक्षेला बसणारे हजारो आणि जागा मोजक्या, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे?

पालिकेच्या बागेचे म्हणाल तर शहरातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे. काम भरपूर. मात्र वडील ज्या बागेत होते तिथे आता कंत्राटदाराची माणसे आहेत. तिथला पदवीधर सुपरवायझर आम्ही पाहिला. पगार विचारला तेव्हा तो हसला आणि नळी गुंडाळू लागला. कंत्राटदाराच्या नोकरीत आरक्षण नाही, कायमपणा नाही. पदवी तीच, पण मागे कायम पद आहे की कंत्राट, यावर तिची किंमत निम्म्याने बदलते. पदवीची किंमत विचारणाऱ्या पालकांनी आधी हे विचारावे.

खाजगी महाविद्यालयांबद्दल आमचे मत कडक आहे. आमच्या वस्तीतल्या एका मुलाची फ्रीशिपची रक्कम शासनाकडून यायची राहिली, म्हणून एका महाविद्यालयाने त्याची गुणपत्रिका अडवून ठेवली होती. समाजकल्याण कार्यालयाच्या सात खेपा आम्हीच घातल्या. आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला फ्रीशिप लागूच नाही. तिथे कर्ज काढून ही पदवी घेणे म्हणजे चार वर्षांचे व्याज आधी पेरणे आणि पीक दैवावर सोडणे. ते आम्ही करणार नाही, असे थोरलीला स्पष्ट सांगितले.

वडील कोपऱ्यात ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "बाळा, हजेरी देणारी होणार का घेणारी?"

ती म्हणाली, "आजोबा, मला रोपवाटिका काढायची आहे. कलमं तुम्ही शिकवा, बाकीचं कॉलेज शिकवेल."

रोपवाटिकेचा रकाना आमच्या वहीत नव्हताच. तो मांडायचा तर जागा, पाणी, शेडनेट, भांडवल सगळे आले. त्यातले एक पाणी सोडले तर आमच्याकडे काही नाही. पाणीही नळाचे. वडिलांना मात्र हे सुचले नाही. ते उठून कलम बांधायचा जुना चाकू शोधू लागले.

पसंतीक्रमात पहिली चारही नावे विद्यापीठांच्या महाविद्यालयांची भरली आणि खाजगी एकही नाही. जागा नाही मिळाली तर बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, जवळच्या महाविद्यालयात, घरून जाऊन येऊन. खानावळीच्या पहिल्या तीन महिन्यांच्या साडेदहा हजारांसाठी पतपेढीत अर्ज सोमवारी टाकणार आहोत. सौ. अजून नीट बोलत नाहीत, पण जामीनदार म्हणून आपल्या भावाचे नाव त्यांनीच सुचवले.